मशीन तुम्ही घ्या, माल आम्ही घेतो : मगांवरच्या छपाईच्या बायबॅकमध्ये माझे दीड लाख कसे गेले

रक्कम आधीच सांगून टाकते. बुकिंगचे ११,००० रुपये, पॅकेजचे १,२४,०००, ट्रान्सपोर्टच्या नावाने ३,५०० आणि नंतर कोऱ्या मगांच्या दुसऱ्या लॉटचे ३०,०००. एकूण १,६८,५००. त्यातले १२,००० परत मिळाले, आणि त्या बारा हजारांनीच माझा घात केला. पदरचे गेले ते १,५६,५००. यातले ९०,००० पतसंस्थेत पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते. त्याचं व्याज आजही चालू आहे.

‘मशीन घ्या, कच्चा माल आमचा, तयार माल आम्हीच उचलणार’ ही जाहिरात तुम्ही फुलवाती, द्रोण-पत्रावळी, अगरबत्ती, पेन्सिल पॅकिंग अशा सगळ्यांत बघितली असेल. मीही बघितली होती आणि कधी भुलले नव्हते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी छापखान्यात मी बरीच वर्षं डीटीपी केलंय. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स. कोरल ड्रॉ झोपेतही चालवेन. ‘घरबसल्या कमवा’ वाचून धावत सुटणाऱ्यांतली मी नाही, हे मुद्दाम लिहितेय, कारण घरच्यांपासून ते पोलिसांपर्यंत प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला: ‘तुम्हाला एवढंही कळलं नाही का?’

मगांवरच्या छपाईचं गणित मी नीट मांडलं होतं. कोटिंगवाला कोरा मग घाऊक बाजारात ६५ ते ८० रुपयांना मिळतो. शाई, कागद, टेप धरून वर पाच-सात रुपये. फोटो छापलेला मग आमच्या गावात अडीचशेला सहज जातो. वाढदिवस, शिक्षक दिन, कुणाची निवृत्ती, मंडळाची बक्षिसं, गिऱ्हाईक बारमाही. हे गणित तेव्हा बरोबर होतं, आजही आहे. धंदा खरा आहे, म्हणून तर त्याच्या आडून लुटणं सोपं जातं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या एका उपनगरातल्या फर्मची जाहिरात फेसबुकवर आली. पॅकेजमध्ये मगप्रेस (उष्णतेने मगावर छाप उठवणारं मशीन), सबलिमेशन शाईचा, म्हणजे उष्णतेने कागदावरून मगावर उतरणाऱ्या शाईचा प्रिंटर, १०० कोरे मग, एक दिवसाचं ट्रेनिंग आणि तीन वर्षांचा बायबॅक करार. कंपन्यांच्या ऑर्डरी त्यांनी आणायच्या, डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. पुढचे मग आम्ही त्यांच्याकडून ७५ रुपयांना घ्यायचे आणि छापून १२० ला त्यांनाच द्यायचे. मगामागे ४५ रुपये, महिन्याला ५०० मगांची हमी. म्हणजे २२,५००.

मी आणि हे, दोघं ऑफिस बघून आलो. काचेचं केबिन, दोन मुली फोनवर, भिंतीवर फ्रेम केलेलं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद. जीएसटी नंबर मी स्वतः पोर्टलवर टाकून बघितला. ‘ॲक्टिव्ह’ आला. करार ५०० रुपयांच्या स्टँपवर, नोटरीच्या शिक्क्यासह. एवढं सगळं बघितल्यावर सामान्य माणसाने आणखी काय बघायचं?

काय बघायचं ते आता सांगते. जीएसटी पोर्टलवर नंबरासोबत नोंदणीची तारीख दिसते. ‘२०१६ पासून सेवेत’ असं बोर्डावर लिहिणाऱ्या या फर्मची नोंदणी पुरती वर्षभराचीही नव्हती. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते आणि आपणच भरलेल्या माहितीवर होते. ती कुणाच्या सचोटीची हमी नाही. नोटरी सही खरी आहे एवढंच बघतो, करार पाळला जाईल की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. आणि बुकिंगचे अकरा हजार फर्मच्या खात्यावर न घेता एका माणसाच्या नावाच्या यूपीआयवर घेतले, तेव्हा ‘ताई, चालू खात्याला आज प्रॉब्लेम आहे’ असं सांगण्यात आलं. असं कुणी म्हणालं की तिथूनच उठून या. पक्क्या बिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका. मला ‘पॅकेज पावती’ मिळाली होती, त्यावर मशीनचं मॉडेल नाही, कर वेगळा दाखवलेला नाही, काही नाही.

ट्रेनिंगच्या दिवशी काम मात्र खरंखुरं शिकवलं. डिझाइन मिरर करून छापायचं. कागदावर रंग अगदी मळकट दिसतात, काळा तर राखेसारखा. तो कागद मगाला घट्ट गुंडाळून उष्णता सहन करणाऱ्या टेपने चिकटवायचा, प्रेसमध्ये १८० ते २०० अंशांवर अडीच-तीन मिनिटं ठेवायचा. कागद सोलला की रंग असे उमलून वर येतात की छपाईत इतकी वर्षं काढलेली मीसुद्धा बघत राहिले. त्या दिवशी आम्हां सगळ्यांनी स्वतःच्या मुलांचे फोटो छापून नेले. हे काम शिकवणारी माणसं खोटी असतील असं कुणाच्या मनात येईल?

मार्च २०२५ मध्ये पहिले १०० मग छापून मी स्वतः पुण्याला पोचवले. टेंपोतून खोके उतरवून मागच्या खोलीत ठेवायचे होते. त्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती. प्रत्येकावर स्केचपेनने गावाचं नाव आणि मोबाइल नंबर. बार्शी, विटा, संगमनेर, फलटण, आमच्यासारख्यांचीच. एकाचं झाकण उघडं होतं. वरच्याच मगावर एका कंपनीचा लोगो आणि खाली सोनेरी अक्षरात ‘शुभ दीपावली २०२४’.

मार्चमध्ये! कंपनीने दिवाळीला वाटायला मागवलेले मग होळी होऊन गेली तरी गोदामात. जी कंपनी ऑर्डर देते ती माल दिवाळीआधी नेते की नाही? ऑर्डर होतीच कुठे! तो लोगो कुणीतरी नेटवरून उचललेला होता, ते मग कुणालाच नको होते, ते छापून घेतले होते फक्त माझ्यासारख्या एखाद्या बाईला धंदा चालू आहे असं वाटावं म्हणून. हे सगळं त्या एका मगावर लिहिलेलं होतं आणि मी तो हातात धरून उभी होते. आजही रात्री मध्येच जाग येते तेव्हा ती सोनेरी अक्षरं दिसतात.

मी विचारलं नाही असं नाही. विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, ‘ताई, ते रिपीट ऑर्डरचे सॅम्पल आहेत.’ आणि मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत फोन वाजला: खात्यात १२,००० जमा. शंभर मगांचे पूर्ण पैसे, तिथल्या तिथे. ज्याने नुकतेच बारा हजार हातावर ठेवले त्याच्यावर संशय घेणारा माणूस मला दाखवा. ते पैसेही फर्मच्या खात्यातून नव्हे, एका अनोळखी व्यक्तीच्या खात्यातून आले होते. पहिला हप्ता ते वेळेवर देतात, कारण त्याच्या जोरावर दुसरी रक्कम काढायची असते. माझ्याकडून तिथेच ४०० मगांचे ३०,००० भरून घेतले.

दुसऱ्या लॉटच्या मगांचं कोटिंगच निकृष्ट होतं. सबलिमेशनची शाई साध्या चिनी मातीवर बसत नाही, तिला वर पॉलिमरचा थर लागतो. तो थर पातळ किंवा असमान असला की कानाजवळ रंग उडालेला दिसतो. मग घेताना लॉटमधले दोन-चार छापून, साबण लावून घासणीने घासून बघा. रंग गेला तर लॉट परत. मी तरी निवडून, पुसून, कागदात गुंडाळून चारशे मग पाठवले. माझी सवय आहे, पार्सलच्या टेपवर आडवी सही करायची.

तीन आठवड्यांनी मेसेज: ‘क्वालिटी चेकिंगमध्ये ३१२ नग रिजेक्ट, शेड व्हेरिएशन.’ करारात बारीक अक्षरात ‘कंपनीच्या गुणवत्ता निकषांनुसार’ असं कलम होतंच. निकष कुठले, तपासणार कोण, याचा एक शब्द नाही. उरलेल्या ८८ चे १०,५६० रुपये ‘पुढच्या सायकलमध्ये’ मिळणार होते, ते आजतागायत नाहीत. शेड सुधारायला ‘कलर प्रोफाइल अपग्रेड’ १८,००० रुपयांना देऊ केलं. मी नाही घेतलं. घेणारे पुष्कळ निघाले. अडकलेले पैसे सोडवायला आणखी पैसे भरायला सांगितले की समजा, एक दमडी सुटणार नाही.

आणि मग रिजेक्ट माल परत आला. माझ्या खोक्यांवरची टेप जशीच्या तशी. सहीवर ब्लेडचा ओरखडासुद्धा नाही. न उघडता मोजले आणि न उघडता नाकारले! एक खोकं तर माझं नव्हतंच, सोलापूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरचं होतं. त्यावरच्या नंबरवर फोन केला तेव्हा कळलं, त्यांचे २,४०,००० गेलेत. त्यांनी मुलासाठी दोन मशीन घेतली होती.

बाजारात चौकशी केली तर तसाच मगप्रेस ४,८०० ला, प्रिंटर शाईसकट १६,००० च्या आत, शंभर मग सात-साडेसात हजारांना. सगळं मिळून तीस हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे एका पॅकेजमागे एक लाखाच्या वर शुद्ध कमाई. त्यांनी मग कधी विकलेच नाहीत. त्यांचा माल म्हणजे आम्ही. एवढं साधं आहे: ज्याच्याकडे महिन्याला हजारो मगांची पक्की ऑर्डर आहे, तो स्वतःच्या गाळ्यात चार प्रेस लावील की तालुक्या-तालुक्यात बायका शोधत फिरेल?

जुलैत फोन लागेना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पैशांचं विचारलं की लगेच ग्रुपमधून काढायचे. ऑफिसला कुलूप. मग सुरू झाली सरकारी दारं.

आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात करार बघितला आणि म्हणाले, ‘बाई, हे दिवाणी आहे. करार आहे ना तुमच्याकडे, कोर्टात जा.’ करार नसता तर ‘पुरावा काय’ म्हणाले असते. नंतर म्हणाले, ऑफिस पुण्यात, तिकडे जा. पुण्यात म्हणाले, पैसे तुम्ही गावातून पाठवले, गुन्हा तिकडचा. साहेब बंदोबस्ताला गेलेत, साहेब रजेवर आहेत, उद्या या. माझा अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का सापडत नव्हता. एका ठिकाणी तर यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘बायकांच्या नादाने पैसे गुंतवू नका.’ चोर राहिला बाजूला, उलटतपासणी माझी. बँकेत सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. उद्योगांना मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी कार्यालयात गेले तर विचारलं, कर्ज आमच्या योजनेतून घेतलंय का? नाही? मग आमचा संबंध नाही. भिंतीवर ‘महिला उद्योजक’ म्हणून हसणाऱ्या बाईचं पोस्टर, आणि खाली मी, फाइल घेऊन उभी. कुणालाच ही बाई आपली वाटली नाही.

ह्यांच्या मावसभावाने, तो वकिली करतो, जे सांगितलं ते पोलिसांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. नाही घेतली तर तक्रार लेखी, पोस्टाने थेट पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथेही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे. आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवली, सोबत कंडक्टरकाकांची आणि आणखी काही जणांची. सुरुवातीपासूनच देण्याची नियत नव्हती, हे दाखवलं तरच ‘दिवाणी’ म्हणणारी तोंडं बंद होतात, आणि ते एकट्याच्या कागदातून दिसत नाही. वीस जणांची न उघडलेली खोकी एकत्र मांडली की दिसतं. म्हणून रिजेक्ट आलेली खोकी फोडू नका, टेपसकट फोटो आणि व्हिडिओ काढा. तुम्हाला ग्रुपमधून काढण्याआधीच व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. पैसे गेल्याचं त्याच दिवशी कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तत्काळ फोन करा, महिन्यांनी करून खात्यात काही उरलेलं नसतं.

ग्राहक आयोगाचं तर कुणी नावच काढलं नव्हतं. ‘धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं मला दोघांनी ऐकवलं. साफ चूक. स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक धरत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमची दाखल झाली आहे. समोरच्या पत्त्यावरची पहिली नोटीस ‘घर बंद’ शेऱ्यासह परत आली, म्हणून करारावर सही करणाऱ्याचा घरचा पत्ता शोधतोय. करार करताना सही करणाऱ्याच्या आधारची प्रत मागून घ्या. देत नसेल तर तो उद्या सापडू नये म्हणून धडपडतोय असं समजा.

प्रेस घरी आहे. त्यावर मी आता गावातल्या ऑर्डरी घेते, मग स्वतः बघून आणते. मागच्या आठवड्यात भाचीने तिच्या फोनवर एक जाहिरात दाखवली: ‘स्टील बॉटल प्रिंटिंग, मशीन तुमचं, माल आम्ही उचलणार.’ नाव नवीन, नंबर नवीन. फोटोत मागे छतापर्यंत रचलेली खोकी, आणि त्यातल्या एकावर स्केचपेनने लिहिलेलं गाव माझं आहे. बुकिंग आता १५,००० झालंय.