मायक्रोबिट : सातवीच्या वर्गातले आठ महिने

जूनमध्ये शाळेसाठी सहा मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्रॅम शिकवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, घेतले. २०२० साली आलेली दुसरी आवृत्तीच घ्या, त्यात स्पीकर बोर्डावरच असतो. वर्गात ३१ मुलं, म्हणजे पाच जणांत एक. त्यामुळे काही अडलं नाही, कारण दोघं संगणकावर प्रोग्रॅमचे ठोकळे जुळवतात तोवर बाकीचे पुठ्ठा कापतात.

पहिले दोन महिने बोर्डावरच्या २५ दिव्यांवर नाव सरकवण्यातच गेले. मग मी विचारलं, घरी कशाचा त्रास होतो? गच्चीवरची टाकी भरून वाहते, असं चार गटांनी सांगितलं.

एका गटाने बादलीत दोन खिळे सोडले, क्लिपांनी एक बोर्डाच्या काठावरच्या तीन व्होल्टच्या कडीला (क्लिप लावायच्या भोकाला) जोडला आणि दुसरा शून्य क्रमांकाच्या. पाणी लागलं की स्पीकर वाजणार. पण तो कोरड्या बादलीतही वाजू लागला! कडी मोकळी असली की तिच्यावरचा आकडा शून्यावर टिकत नाही, उगाच हलत राहतो. मी काही सांगितलं नाही. मुलांनी कोरडे आणि ओले आकडे वहीत लिहून काढले (मोजपट्टी ० ते १०२३) आणि मधला आकडा निवडला, त्याच्या वर गेलं तरच स्पीकर वाजणार. मला वर्षातला सगळ्यात मोलाचा तास तो वाटतो.

तीन आठवड्यांनी एक खिळा गंजून काळा पडला. सतत वीज वाहत असल्याने असं होतं, एवढंच मी सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, मग मोजतानाच वीज देऊ ना." आता दर दहा सेकंदांनी खिळ्याला क्षणभरच वीज दिली जाते.

आधी मी आर्डुइनो उनो हा असाच दुसरा बोर्ड वापरत होते. तोही चांगला आहे, पण ब्रेडबोर्डवरच्या (तारा खोचायच्या भोकांच्या पट्टीवरच्या) तारा नीट बसेपर्यंत या वयाच्या मुलांची कल्पना मागेच राहते.

तक्रारीही आहेत. तापमान प्रोसेसरचं मोजलं जातं, त्यामुळे ते हवेपेक्षा थोडं जास्त दिसतं. कांदाचाळीचा प्रयोग करणाऱ्या गटाला वेगळा सेन्सर आणून द्यावा लागला. क्लिपा सैल होतात. मोबाइलच्या काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं, प्रोग्रॅम जात नाही. आमची एक अख्खी दुपार त्यात गेली.

यंदा आणखी चार बोर्ड मागवतेय. टाकीवाल्या मुली सध्या शनिवारी बोर्ड घरी नेतात आणि सोमवारी परत आणतात.