सुवर्णभूमी ते दुसित थानी: मक्कासानला उतरा, फाया थाईपर्यंत जाऊ नका

बँकॉकचं दुसित थानी हॉटेल 27 सप्टेंबर 2024 रोजी पुन्हा उघडलं. 1970 सालचं जुनं हॉटेल जानेवारी 2019 मध्ये बंद झालं, ते पाडून त्याच कोपऱ्यावर 39 मजल्यांची नवी इमारत उभी राहिली. खोल्या फक्त 257, आणि सगळ्यांच्या खिडक्या लुम्फिनी पार्ककडे. हॉटेल उत्तम आहेच. प्रश्न आहे तो विमानतळावरून तिथवर पोचण्याचा, कारण या बाबतीत सर्रास दिला जाणारा सल्ला, म्हणजे ‘रेल्वेने शेवटपर्यंत, फाया थाईला जा आणि मग स्कायट्रेन (बीटीएस) पकडा’, या हॉटेलसाठी सोयीचा नाही.

आधी तिकिटावरचा कोड बघा. बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन म्युआंग. हे दोन वेगळे विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत. पुढचं सगळं सुवर्णभूमीचं.

आगमन कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे. एअरपोर्ट रेल लिंक तळघरात, तेव्हा बाहेर न पडता सरळ खाली जायचं. मशीनवर भाषा इंग्रजी करा, नकाशावर मक्कासान निवडा. भाडं 35 बाथ. मशीनला हजाराची नोट चालत नाही आणि करन्सी एक्स्चेंजवाले नेमक्या हजाराच्याच नोटा हातात ठेवतात, म्हणून पैसे बदलतानाच शंभराच्या मागून घ्या. प्लास्टिकचं गोल टोकन मिळतं. आत जाताना ते गेटवर टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. पहिली गाडी साडेपाचच्या सुमारास सुटते, शेवटची मध्यरात्रीच्या आसपास.

मक्कासान हे सहावं स्टेशन, सुवर्णभूमी धरून. साधारण बावीस मिनिटं लागतात. स्टेशन अवाढव्य आणि बऱ्यापैकी रिकामं आहे. उतरल्यावर ‘एमआरटी फेचबुरी’ची, म्हणजे मेट्रोच्या फेचबुरी स्टेशनाची पाटी धरून पादचारी पुलावरून चालायचं. बॅगा ओढत पाच-सात मिनिटांचं काम. एमआरटीच्या दारात सुरक्षा तपासणी होते, बॅग उघडायला सांगू शकतात. इथे टोकन घ्यायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस क्रेडिट कार्ड गेटवर टेकवलं की पुरे. मात्र आपल्या भारतीय कार्डावर परदेशातले कॉन्टॅक्टलेस व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ते घरूनच करून ठेवा, नाहीतर गेट लाल दिवा दाखवतं आणि मागे रांग लागते. बाहेर पडताना तेच कार्ड टेकवायचं. दोघांना एक कार्ड चालत नाही.

गाडी लाक सोंगच्या दिशेची. सुखुमवित, क्वीन सिरिकित, ख्लोंग तोई, लुम्फिनी आणि मग सी लोम. भाडं तीस बाथच्या आत. हमखास चूक होते ती इथे. हॉटेल लुम्फिनी पार्कसमोर असल्यामुळे लोक लुम्फिनी स्टेशनावर उतरतात. ते पार्कच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिथून रामा चार रस्त्याच्या कडेने उन्हात बॅग ओढणं ही शिक्षाच. एक स्टेशन पुढे, सी लोमला उतरा. दुसित सेंट्रल पार्कच्या पाट्या तिथेच दिसतात, हॉटेल त्याच संकुलात आहे.

दारातून दारापर्यंत तासभर धरा, खर्च माणशी पासष्ट बाथच्या आत.

फाया थाईचा मार्ग वाईट नाही, पण भाडं 45 बाथ, त्यानंतर बीटीएसचं वेगळं तिकीट, आणि सयामला पुन्हा गाडी बदलून साला देंग, म्हणजे हॉटेलजवळचं बीटीएस स्टेशन. सयामची अदलाबदल समोरासमोरच्या फलाटांवर होते हे खरं, पण तिथली गर्दी दादरची आठवण करून देते. दोन बॅगा असतील तर मक्कासानच.

टॅक्सी केव्हा? मुंबईहून रात्री निघालेलं विमान पहाटे उतरलं तर नक्की टॅक्सी. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचता. दुसऱ्या मजल्यावर पाट्या घेऊन उभ्या असलेल्यांकडे लक्ष देऊ नका. पहिल्या मजल्यावर जा, मशीनमधून चिठ्ठी काढा, चिठ्ठीवरच्या नंबरच्या जागी गाडी उभी असते. ती चिठ्ठी शेवटपर्यंत जपा, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. मीटर 35 बाथपासून सुरू होतो. त्यावर विमानतळाचे 50 बाथ वेगळे, ते मीटरवर दिसत नाहीत आणि ती फसवणूकही नव्हे. वाटेतले दोन टोल मिळून साधारण 75 बाथ, तेही आपणच द्यायचे. ड्रायव्हर ‘थांग दुआन?’ विचारेल, म्हणजे एक्स्प्रेसवेने जाऊ का. हो म्हणा. एकूण चारशे बाथच्या आसपास जातात.

नुसतं ‘दुसित’ म्हणू नका. दुसित नावाचा अख्खा जिल्हा शहराच्या उत्तरेला आहे. ‘दुसित थानी, सी लोम, फ्रा राम सी’ असं सांगा. फ्रा राम सी म्हणजेच रामा चार. थाई लिपीतला पत्ता फोनवर असला तर उत्तमच. गाडी पूर्वेकडून आली की हॉटेल डाव्या हाताला येतं, म्हणून शेवटी डावी लेन धरायला हवी. ड्रायव्हर थाई-जपान उड्डाणपुलावर चढला तर हॉटेल खालून निघून जातं आणि वळून यायला, गर्दीच्या वेळी विशेषतः, बराच वेळ जातो.

संध्याकाळी चार ते आठ या वेळेत टॅक्सीचा विचारही करू नका. त्या वेळी हॉटेलजवळचा साला देंगचा चौक अक्षरशः थिजलेला असतो. एमआरटीलाही तेव्हा गर्दी असते, पण ती चालत तरी राहते. चार जणांचं कुटुंब आणि मोठ्या बॅगा असतील, तर अशा वेळी विमानतळावरच जेवून घ्या आणि आठनंतर टॅक्सीने निघा.

डॉन म्युआंगला उतरलात तर गणित उलट सोपं: लाल रेल्वेने क्रुंग थेप अफिवात, खाली बांग सू एमआरटी, आणि तिथून गाडी न बदलता थेट सी लोम.

1 मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट उघडली असेल तर ती बंद करा. त्यात राहण्याचा पत्ता विचारतात, म्हणून हॉटेलचं बुकिंग समोर ठेवूनच भरायला बसा.