स्विच, पीएस५ की एक्सबॉक्स? कधीमधी खेळणाऱ्या नागपूरकरांसाठी

नवतप्यात दुपारी नागपुरात कोणी बाहेर पाऊल टाकत नाही. कूलर सुरू, पडदे ओढलेले, भाचरं सुट्टीला आलेली. आमच्याकडे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आला तो या दुपारींसाठीच. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं, कोणता घेऊ? मी आधी एकच विचारते: दिवाणावर किती जण बसणार?

तीन-चार जण, आणि त्यांत एक सहा वर्षांचा नि एक आजी असेल, तर निनटेंडो स्विच. २००६ साली याच कंपनीने वी नावाचा कन्सोल आणला. हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवायचा, की झालं टेनिस. ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता तेही खेळू लागले आणि दहा कोटींहून जास्त वी विकले गेले. स्विचमध्ये तीच दृष्टी आहे. बाजूचे दोन छोटे कंट्रोलर काढले की दोघांची सोय लगेच होते, दुसरा विकत घ्यावा लागत नाही. स्विच स्पोर्ट्स या गेममध्ये बॅडमिंटन आणि बोलिंग हात हलवूनच खेळतात. माझ्या आईला बोलिंग समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये गाडी आपोआप पुढे जाते आणि रस्ता सुटू लागला की स्वतःच वळते, अशी सोय चालू करता येते. त्यामुळे लहानगा हरला तरी रडत नाही, शर्यत पूर्ण करतो. हे मला फार मोलाचं वाटतं. शिवाय वीज गेली तरी स्वतःच्या पडद्यावर खेळ चालू राहतो.

खोट एकच, पण मोठी. निनटेंडो भारतात अधिकृतपणे स्विच विकत नाही. बर्डीत किंवा ऑनलाइन मिळतो तो बाहेरून आणलेला, म्हणजे वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर. पक्कं बिल घ्याच. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर जुने बहुतेक गेम चालतात, पण कधीमधी खेळणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

कॉलेजातली दोघं-तिघं मुलं क्रिकेट-फुटबॉलसाठी जमणार असतील तर पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला त्या कंट्रोलरवरची बटणं बघून धडकी भरते, पण सोबत फुकट येणारा ॲस्ट्रोज प्लेरूम हा गेम ती भीती घालवतो. वाळूवरून चाललं की हाताला वाळू जाणवते, बर्फावरून चाललं की वेगळी थरथर. घ्यायचाच तर डिस्कवाला घ्या. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. डिस्क असली की खेळून झाल्यावर मित्राला देता येते, विकता येते, जुनी स्वस्तात घेता येते.

एक्सबॉक्स सिरीज एस आकाराने लहान, पीएस५पेक्षा स्वस्त, आणि गेम पासची वर्गणी भरली की भरपूर गेम चाखता येतात. एकट्याने, दर पंधरवड्याला नवीन काही बघणाऱ्याला तो उत्तम. पण डिस्कची सोयच नाही, सगळं डाउनलोड. ८० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या इंटरनेट लाइनवर साडेचार तास घेतो. पाहुणे आले, खेळायचं ठरलं आणि संध्याकाळ त्यातच गेली, असं होतं. ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये साठवायला हाती मिळतात जेमतेम ३६४ जीबी, म्हणजे मोठे चार-पाच गेम.

फोर्टनाइट आणि रॉकेट लीग हे गेम तिन्हींवर फुकट आहेत, तेव्हा मुलाला तेवढंच खेळायचं असेल तर दिवाणावरची माणसंच मोजा.

आता उन्हाचं. पीएस५ आणि स्विच, दोन्हींसाठी कंपन्या ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं. कन्सोल बंद कपाटात नको, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत नको. कूलरचा ओला झोतही थेट त्यावर येऊ देऊ नका. आमचा मधल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलाय.