कुपवाड एमआयडीसीवाल्यांनो, "दोन डोमेन एक करून देतो" म्हणणारा आला तर आधी हे वाचा

३,०८,२०० रुपये गेले. आकडा आधीच टाकतो, कारण लोक तेवढंच विचारतात आणि मग हसतात.

आमची मशीनिंगची कंपनी, चाळीसेक कॉम्प्युटर. पहिला सेटअप ज्याने केला त्याने ऑफिसचं डोमेन (म्हणजे सगळ्यांचे लॉगिन, पासवर्ड, परमिशन एका जागेवरून सांभाळणारं नेटवर्क) वेगळं, प्लांटचं वेगळं, दोन्ही स्वतंत्र फॉरेस्ट, म्हणजे एकमेकांशी संबंधच नाही, मध्ये ट्रस्ट नाही, म्हणजे इकडचं लॉगिन तिकडे चालत नाही, आणि प्लांटच्या डोमेनचं नाव तर नुसता एक शब्द, पुढे डॉट वगैरे काहीच नाही. स्टोअरच्या माणसाला दोन लॉगिन, दोन पासवर्ड, आणि सारखं कोण ना कोण लॉक होऊन बसलेलं. त्यामुळे "करायची गरजच काय होती" म्हणणाऱ्यांनी कृपा करून गप्प बसा.

हा गडी ओळखीतून आला. बोलायला एक नंबर. कोटेशन २,४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी ४३,२००, म्हणजे २,८३,२००. त्यात विंडोज सर्व्हर २०१९ चं लायसन्स, सगळ्यांचे कॅल (सर्व्हर वापरायला लागणारी वेगळी लायसन्सं), आणि यूजर, पासवर्ड, प्रोफाईल, फोल्डरच्या परमिशन "जसंच्या तसं" नवीन डोमेनमध्ये. १,७०,००० ॲडव्हान्स एनईएफटीने दिले.

सुट्टीच्या दिवशी आला आणि जुने दोन्ही सर्व्हर फॉरमॅट करून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या मॅडमचा डेस्कटॉप कोरा, ड्रॉइंगच्या फोल्डरला ॲक्सेस डिनाइड, सगळे माझ्या टेबलापुढे. आता कळतंय की त्याने मायग्रेशन केलंच नव्हतं, नुसते त्याच नावाचे नवीन यूजर टाईप केले होते. नाव तेच असलं तरी आतला एसआयडी (सिस्टीम यूजरला ज्या नंबराने ओळखते तो) नवीन, मग जुन्या परमिशन कशा लागणार? जुनं डोमेन चालू ठेवून, ट्रस्ट करून, एडीएमटीने (मायक्रोसॉफ्टचं हलवाहलवीचं टूल) एसआयडी हिस्टरीसकट, म्हणजे जुना एसआयडी सोबत ठेवून, माणसं हलवायची असतात आणि जुना सर्व्हर शेवटी बंद करायचा असतो. पहिल्याच दिवशी जुना सर्व्हर पुसायला निघालेल्या माणसाला तिथूनच परत पाठवा. आम्हाला म्हणाला, "सर, सेटल व्हायला वेळ लागतो."

पण ज्याने अजून जीव जळतो ते वेगळंच. बाकीचे पैसे द्यायच्या वेळी मी सर्व्हरसमोर उभा होतो. खाली उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात इव्हॅल्युएशन, म्हणजे ट्रायल, लिहिलेलं, शेजारी लायसन्स किती दिवस व्हॅलिड तो आकडा. मी वाचलं. मोठ्यानं वाचलं! तो चहाचा कप खाली न ठेवता म्हणाला, "ते सगळ्यांनाच येतं सर, लायसन्सची की रजिस्टर झाली की आपोआप जातं." आणि मी तिथंच उभं राहून १,१३,२०० पाठवले. आता मला सांगा, मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, खरेदी बघतो, डॉक्टरने दिलेल्या गोळीचं नाव आपण तपासत बसतो का? शेठसुद्धा शेजारीच होते, त्यांनी पण वाचलं, हे आता ऑफिसात कोणी बोलत नाही.

ही ट्रायल कॉपी १८० दिवसांची असते. संपली की सर्व्हर दर तासाला स्वतःहून बंद पडतो. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) एकच, डीएनएस (नावावरून कॉम्प्युटर शोधून देणारी सेवा) त्यावरच, म्हणजे लॉगिन बंद, डिस्पॅच बंद, गाडी गेटवर उभी. त्याला फोन केला तर म्हणे ट्रायल पक्क्या लायसन्सवर कन्व्हर्ट करायचे ६५,०००. ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे, रिस्टोअर मोडचाही (सर्व्हर बिघडला की दुरुस्तीला लागतो तो) त्याच्याकडेच. (हे दोन्ही पासवर्ड कागदावर घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.) २५,००० यूपीआय केले, तेव्हापासून फोन बंद. मिरजेच्या एका पोरानं येऊन सांगितलं की ट्रायलवर डोमेन कंट्रोलर केला की नुसती की टाकून भागत नाही, दुसरा सर्व्हर उभा करून रोल, म्हणजे डोमेन कंट्रोलरची कामं, तिकडे हलवायला लागतात, आणि ॲडमिन पासवर्डच नाही तर काय हलवणार. सगळं नव्यानं बांधलं, तो खर्च वरच्या आकड्यात धरलेला नाही.

मग पोलिसात तक्रार. पहिला प्रश्न, "ओटीपी दिला होता का? लिंक दाबली होती का?" नाही म्हणलं तर पेनच खाली ठेवला. मग सायबरकडे जा, सायबरवाले म्हणे हे सायबर नाही, सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा, परत ठाण्यात तर म्हणे त्याचं बँक खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, आमची हद्द नाही. अरे, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो माहिती नोंदवून घ्यायची असं सरळ लिहिलंय, मी प्रिंट काढून नेली तर साहेब म्हणाले "तुम्हीच चालवा मग ठाणं." ग्राहक मंचात जायचं म्हणलं तर कंपनीने धंद्यासाठी घेतलेलं, त्यामुळे आम्ही ग्राहक नाही. आणि बिलावरचा जीएसटी नंबर आधीच रद्द झालेला निघाला! सीएला जीएसटी पोर्टलच्या टू-बी स्टेटमेंटमध्ये एंट्री दिसेना म्हणून कळलं, ४३,२०० चं क्रेडिट (आमच्या करातून वजा मिळणारी रक्कम) पण बुडालं, आणि जीएसटी खात्यातला माणूस मलाच विचारतो की नंबर आधी का नाही बघितला. पोर्टलवर फुकट बघता येतो म्हणे. बघता येतो, खरंय, ॲडव्हान्सच्या आधी बघा. मग रद्द नंबरावर बिलं फाडणाऱ्याला धरायचं काम कुणाचं, ते पण मीच करू?

एसपी ऑफिसला लेखी अर्ज दिलाय, पोच आहे, उत्तर नाही. आणि परवा साताऱ्याच्या एमआयडीसीतून एकाचा फोन आला, त्यांना हेच कोटेशन आलंय, तेच २,४०,०००, तीच "जसंच्या तसं" ची ओळ, फक्त लेटरहेड बदललंय. ॲडव्हान्स अजून गेला नसेल तर थांबवा, आणि ते कोटेशन मला पाठवा, अर्जाला जोडायचंय.