२००१ च्या होंडा सिटी व्हीटेकला सुपरचार्जर, रबाळ्याच्या गॅरेजचा अनुभव

आमची सिटी १.५ व्हीटेक, एमएच ०४, बाबांनी घेतलेली. १०६ हॉर्सपॉवर आहे खरी पण सगळी वरच्या आरपीएमला, खाली पिकअपच्या नावाने बोंब, घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर पुढे कंटेनर आला की दुसरा गिअर टाकून रडत जायचं. म्हणून सुपरचार्जर, म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात जास्तीची हवा दाबणारा ब्लोअर, बसवायचं ठरवलं. होंडा सिव्हिकच्या डी१६ इंजिनासाठी पूर्वी अमेरिकेत जॅक्सन रेसिंगचं किट यायचं, ईटनचा ब्लोअर वगैरे सगळं तयार, आता ते शोधूनही मिळत नाही आणि मिळालं तर किंमत ऐकून गाडीच विकावीशी वाटते. म्हणून मी शहाणपणा केला, टोयोटाचा सेकंडहँड एससी१२ ब्लोअर उचलला, त्यांच्या जुन्या एमआर२ गाडीमध्ये ४ए-जीझेडई इंजिनवर यायचा तो.

रबाळे एमआयडीसीतल्या गॅरेजच्या दादांनी तो हातात घेऊन पुली फिरवली आणि म्हणाले, "साहेब, तुमचं इंजिन कुठल्या बाजूने फिरतं बघितलंय का कधी?" नव्हतं बघितलं. जुन्या होंडा पुलीकडून बघितल्या तर घड्याळाच्या उलट फिरतात आणि टोयोटा सुलट, म्हणजे साधा बेल्ट चढवला असता तर ब्लोअरने हवा इंजिनात ढकलायच्या ऐवजी बाहेर ओढली असती!! तीन महिने रात्री जागून वाचत होतो, हे डोक्यातच आलं नाही. माझे पाच स्टार इथेच.

मग दोन्ही बाजूंनी रेघा असलेला बेल्ट आणला, मध्ये आयडलर टाकला आणि ब्लोअर बेल्टच्या पाठीवर चालवला. ब्रॅकेट वागळे इस्टेटच्या लेथवाल्याकडून, दोनदा, कारण पहिल्या वेळी पुली दोन मिलिमीटर बाहेर राहिली आणि ट्रायलला ऐरोली पुलावर बेल्ट उडाला. दुसऱ्या वेळचे वेगळे पैसे मागितले नाहीत हे मान्य, पण दादांनी तीन आठवडे बोलून अकरा लावले आणि फोन केला की "होतंय होतंय".

इंजेक्टर मोठे, ट्यूनिंग वेगळं, बूस्ट (ब्लोअरचा हवेचा दाब) ५ पीएसआयच्या वर नको असं दादांनीच बजावलं कारण हवा थंड करणारा इंटरकूलर नाही आणि हा ब्लोअर हवा चांगलीच तापवतो. ९५ ऑक्टेनचं पेट्रोलच भरतो, साध्यावर एकदा नॉकिंग (इंजिनाची टकटक) ऐकलं, पुन्हा हिंमत नाही. ब्लोअरला एसीच्या कॉम्प्रेसरसारखा मॅग्नेटिक क्लच आहे, ट्रॅफिकमध्ये सुटतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज वाटलं तेवढं पडलं नाही. आरटीओच्या कागदांचं ज्याने त्याने बघावं, मी इथे काही लिहीत नाही.

गायमुख आता तिसऱ्यावर चढते, एसी चालू ठेवून. फक्त ब्लोअरचा क्लच लागला की जी शिट्टी वाजते ती ऐकून आमचा वॉचमन रोज सांगतो, साहेब बेरिंग गेलंय, दाखवून घ्या.