फक्त ५००० नग? स्मारक नाण्यांच्या फेरविक्रीत पैसे कुठे बुडतात

एखाद्या स्मारक नाण्याची बातमी झळकली की त्याच दिवशी संध्याकाळपासून फोटो फिरू लागतात. लाकडी पेटीत, मखमलीवर ठेवलेले चकचकीत नाणे आणि खाली मजकूर: ‘फक्त ५००० नग. टांकसाळेत संपले. आज ११,०००, उद्या भाव वाढणार.’ माणूस घाईने पैसे पाठवतो. पेटी येते, नाणेही बहुतेक वेळा खरेच असते. वर्षभराने अडचणीला पैसे लागतात म्हणून तो ते विकायला नेतो, तेव्हा नाणेविक्रेता तीन-साडेतीन हजारांच्या वर जायला तयार होत नाही. आपण फसलो हे त्या काउंटरवर कळते आणि तोवर मूळ विक्रेत्याचा नंबर बंद झालेला असतो.

महाग विकणे हा गुन्हा नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. नाणे ही हौसेची वस्तू आहे आणि चार हजारांची वस्तू कोणी अकरा हजारांना मागितली तर कायदा त्याला अडवत नाही. फसवणूक असते ती किमतीसोबत सांगितलेल्या खोट्यात: नगांची संख्या, चांदीचे प्रमाण, प्रूफ (संग्राहकांसाठी खास ठशांनी पाडलेले चकचकीत नाणे) की साधे, ‘सरकार परत विकत घेते’. यांतले बहुतेक दावे पैसे देण्याआधी पडताळता येतात, आणि कोणी पडताळत नाही म्हणूनच हा धंदा चालतो.

सुरुवात राजपत्रापासून करा. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग नाणे अधिनियम, २०११ खाली अधिसूचना काढतो. ती भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होते आणि कोणालाही फुकट उतरवून घेता येते. तिच्यात दर्शनी किंमत, धातू, वजन, व्यास, कडेवरच्या दात्यांची संख्या आणि दोन्ही बाजूंची नक्षी दिलेली असते. मे २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या वेळी आलेले ७५ रुपयांचे नाणे घ्या. व्यास ४४ मिलिमीटर, दाते २००, वजन ३५ ग्रॅम. मिश्रधातूत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. ‘मन की बात’चे १०० रुपयांचे आणि गुरू गोविंदसिंगांच्या ३५० व्या प्रकाशपर्वाचे ३५० रुपयांचे नाणेही याच मापाचे.

किती नग पाडायचे, हा आकडा मात्र त्या अधिसूचनेत नसतो. नाण्यावर नगक्रमांकही कोरलेला नसतो. मग ‘फक्त ५०००’ कुठून आले? विक्रेत्याच्या तोंडून. पेटीत ‘नग क्रमांक ०३१७’ असे छापलेले कार्ड निघाले, तर ते बहुधा फेरविक्रेत्यानेच छापून घेतलेले असते आणि त्याचा नाण्याशी काही संबंध नसतो. शिवाय टांकसाळेच्या विक्रीयादीत जुन्या विषयांची नाणी कित्येक वर्षांनंतरही दिसतात. आज ‘संपले’ असा शेरा असलेले नाणे पुन्हा विक्रीला आले की तिप्पट भावाने घेणाऱ्याचा सगळा हिशेब कोसळतो.

तो हिशेब एकदा कागदावर मांडून बघाच. ३५ ग्रॅमच्या नाण्यात चांदी निम्मी, म्हणजे १७.५ ग्रॅम. हिशेबाला सोपा म्हणून चांदीचा भाव किलोला १ लाख धरला (आजचा भाव तुम्ही घाला), तर तिची किंमत १७५० रुपये. उरलेले तांबे, निकेल, जस्त मिळून वीस रुपयांच्या आसपास. आता समजा टांकसाळेने घडणावळ, पेटी आणि जीएसटी धरून ४००० ला विकले आणि फेरविक्रेत्याने ११,००० घेतले. वरच्या ७००० रुपयांमागे धातू नाही, घडणावळ नाही; नुसता शब्द आहे. चांदी या धरलेल्या भावाच्या दुप्पट, म्हणजे २ लाखांवर गेली तरी नाण्यातली चांदी ३५०० रुपयांची होते, ११,००० चे अंतर भरून निघत नाही. ‘चांदी वाढतेच आहे, तुमचे पैसे सुरक्षित’ असे कोणी म्हणाले तर त्याला हीच बेरीज करून दाखवा. एवढ्यावर तो गप्प होतो.

‘३५ ग्रॅम चांदीचे नाणे’ हा शब्दप्रयोग जाहिरातीत दिसला की थांबा. नाणे ३५ ग्रॅमचे असते, चांदी १७.५ ग्रॅमची. गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. अलीकडे ९९.९ टक्के शुद्ध चांदीची, ४० ग्रॅमची नाणीही काढली गेली आहेत, आणि त्यांचे नाव पुढे करून निम्म्या चांदीची नाणी ‘शुद्ध’ म्हणून खपवली जातात. जुन्या नाण्यांतही प्रमाण सारखे नाही: १९६९ च्या गांधी शताब्दीच्या १० रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी आणि वजन १५ ग्रॅम, तर १९७२ च्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी १० रुपयांच्या नाण्यात ५० टक्के आणि वजन २२.५ ग्रॅम. दर्शनी किंमत एकच, चांदी वेगळी. म्हणून त्या-त्या नाण्याचीच माहिती बघावी लागते. आणि ‘वेळ आली तर वितळवू’ हा विचार मनातही आणू नका; नाणी वितळवणे हा नाणे अधिनियमाखाली गुन्हा आहे. धातूची किंमत फक्त तळ कुठे आहे हे समजण्यासाठी काढायची.

‘बँक परत घेते’ हे अर्धसत्य तर फार वापरले जाते. स्मारक नाण्यासाठी बँक दर्शनी किमतीपलीकडे काही देत नाही. १००० रुपयांच्या नाण्याचे १०००, ७५ च्या नाण्याचे ७५.

आता प्रूफ आणि साध्या नाण्यांची अदलाबदल. भावातला मोठा फरक इथेच असतो आणि नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त नाडले जातात. प्रूफ नाणे खास घासून चमकवलेल्या ठशांनी, एकाहून अधिक वेळा दाब देऊन पाडतात. त्याचे मोकळे पटल आरशासारखे दिसते आणि चित्र दुधी, धुकट. साधे नाणे, ज्याला संग्राहक यूएनसी म्हणतात, ते चलनात न गेलेले असते, पण त्यात पटल आणि चित्र यांच्यात असा फरक दिसत नाही. लबाड विक्रेता साधे नाणे पॉलिशने घासतो, प्रूफच्या पेटीत बसवतो आणि प्रूफच्या भावाने देतो. ओळखायला १० पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. दिव्याखाली नाणे हळूहळू फिरवा. घासलेल्या नाण्यावर केसासारखे बारीक ओरखडे एकाच दिशेला धावताना दिसतात, अक्षरांच्या कोपऱ्यांत पॉलिशचा पांढुरका गाळ अडकलेला असतो आणि चित्राचा दुधीपणा उंच भागांवर पुसट झालेला असतो. पेटीत कोणी कोणतेही नाणे ठेवू शकतो, म्हणून पेटीवरचे छापील शब्द पुरावा मानू नका.

टांकसाळेची खूणही तपासा. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा ठिपका, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर मात्र १९९६ नंतर ‘एम’ हे अक्षर येते. ‘मुंबईचे प्रूफ’ म्हणून घेतलेल्या अलीकडच्या नाण्यावर चौकट दिसली तर सरळ प्रश्न विचारा.

पूर्ण बनावट नाणीही आहेत, मुख्यतः पितळेवर किंवा तांबे-निकेलवर चांदीचा मुलामा दिलेली. लोहचुंबक लावून बघणे ही पहिली पायरी: चार धातूंचे खरे नाणे चुंबकाला चिकटत नाही. पण पितळही चिकटत नाही, त्यामुळे तेवढ्याने निर्णय होत नाही. ३५ ग्रॅमच्या नाण्याचे वजन ३४.६५ ते ३५.३५ ग्रॅमच्या बाहेर असेल तर ते परत करा. वजन जुळले तरी शंका असेल, तर पाण्याची चाचणी अशी करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असे पाण्यात लोंबते धरा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये आणि त्यावर बुडबुडे नसावेत. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. निम्म्या चांदीच्या ३५ ग्रॅमच्या नाण्याला तो ३.६७ च्या आसपास यायला हवा. ३.९ आला तर आत तांबे-निकेल असण्याची शक्यता मोठी, ४.१ आला तर पितळ. ४० ग्रॅमच्या शुद्ध चांदीच्या नाण्याला ३.८ येतो. ही चाचणी साध्या नाण्यावरच करा. प्रूफ नाणे त्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या कुपीतून बाहेर काढले की बोटाचा ठसा, पाण्याचा डाग कायमचा बसतो आणि नाण्याची किंमत तुमच्याच हाताने उतरते.

प्लास्टिकच्या सीलबंद पट्टीतल्या ‘पीएफ-७०’ नाण्यांचा, म्हणजे ७० पैकी ७० श्रेणी दिलेल्या प्रूफ नाण्यांचा, भाव आणखी चढा असतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थांची पट्टी असेल तर तिच्यावरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून नोंद आणि नाण्याचे वर्णन जुळते का ते बघा. ऐकीवात नसलेल्या नावाच्या पट्टीवरची श्रेणी म्हणजे विक्रेत्याचे स्वतःचेच मत. शिवाय टांकसाळेतून थेट कुपीत गेलेल्या आजच्या नाण्यांना ६९-७० मिळणे विरळा नाही.

भाव पडताळताना लोक आणखी एक चूक करतात. तीन जाहिराती बघतात, ९९९९, १२,५०० आणि १४,९९९ च्या, आणि पहिली स्वस्त वाटून घेतात. तिन्ही जाहिराती एकाच माणसाच्या असू शकतात. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. प्रत्यक्षात नाणे कितीला गेले तो भाव. नाण्यांच्या लिलावघरांच्या जुन्या लिलावांचे निकाल उघडून बघा, किंवा नाणेप्रदर्शनात दोन-तीन टेबलांवर तेच नाणे *विकायचे आहे* असे सांगून भाव विचारा. विकत घ्यायला आलात तर एक आकडा मिळतो, विकायला आलात तर दुसरा. तुमच्या पैशाची खरी किंमत त्या दुसऱ्या आकड्यात आहे. ऑनलाइन विक्रेत्यालाही लेखी विचारा, ‘आज घेतले तर पुढच्या महिन्यात कितीला परत घ्याल?’

आगाऊ बुकिंगचे प्रकरण वेगळेच. टांकसाळेची विक्री सुरू होण्याआधी विक्रेता पूर्ण रक्कम घेतो. नाणे सहज मिळाले तर देतो. बाजारभाव चढला तर ‘साठा संपला’ सांगून मूळ रक्कम परत करतो आणि तुमचे नाणे दुसऱ्याला चढ्या भावाने विकतो. तोट्याचा वाटा नेहमी तुमचा. भारत सरकार टांकसाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विक्री असते, तिथे जाहिरातीतल्या दुव्यावरून न जाता पत्ता स्वतः टंकून जा. टांकसाळेच्या नावाने व्यक्तिगत यूपीआयवर पैसे मागितले गेले की तो व्यवहार तिथेच सोडा.

महाराष्ट्रात भावनेला हात घालणारा एक प्रकार सर्रास चालतो. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे २ रुपयांचे नाणे, लोकमान्य टिळकांचे ५ रुपयांचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचे १० रुपयांचे: ही नाणी चलनासाठी मोठ्या संख्येने पाडलेली. ‘दुर्मिळ’ म्हणून त्यांना हजारो रुपये मोजायचे काही कारण नाही. अशाच नाण्यांवरून उलटी फसवणूकही होते. ‘तुमचे वैष्णोदेवीचे नाणे १० लाखांना घेतो’ असे सांगून नोंदणी फी, मग कर, मग कमिशन उकळतात. अशा व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीरपणे दिला आहे. बँक अशा खरेदी-विक्रीत नसते आणि तिच्या नावाने फी घ्यायचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे असतील, तर पुढे एक शब्दही बोलू नका.

नाणे घ्यायचेच ठरले, तर बिलावर हे सगळे लिहून घ्या: नाण्याचा विषय आणि वर्ष, दर्शनी किंमत, प्रूफ की साधे, टांकसाळ, वजन, चांदीचे टक्के. ‘स्मारक नाणे, १ नग’ एवढेच लिहिलेले बिल तक्रारीत उपयोगी पडत नाही. पार्सल फोडताना लेबलापासून कुपीपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा आणि काट्यावरचे वजन त्याच व्हिडिओत येऊ द्या. जाहिरातीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी जपून ठेवा, कारण तक्रार होताच जाहिरात काढून टाकली जाते.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदतवाहिनीवर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे तास मोजावे लागतात. वस्तू खोटी किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली असेल तर आधी त्या ऑनलाइन बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारीत ‘जास्त भाव घेतला’ असे लिहू नका, त्यावर काही होत नाही. विक्रेत्याचे खोटे वाक्य जसेच्या तसे उतरवा, ‘शुद्ध चांदी ३५ ग्रॅम’ किंवा ‘प्रूफ’, आणि त्याच्याशेजारी राजपत्रातली अधिसूचना आणि वजनाचा व्हिडिओ जोडा.