घरी लाकडी फील्ड कॅमेरा बनवायचाय? आधी बोहरी आळीत जा

४ बाय ५ इंची फिल्मचा, घडी करून बाहेर नेता येणारा लाकडी कॅमेरा घरी बनवायचा विचार करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की आधी ऑनलाइन काही मागवू नका, पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर मारा. लेन्स आणि फिल्म होल्डर (फिल्म धरणारी चपटी पेटी) सोडले तर माझ्या कॅमेऱ्याचं जवळपास सगळं सामान तिथलं आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधलं आहे.

लाकूड सागवानच घ्या. जुन्या वाड्याच्या दारा-खिडक्यांचं मिळालं तर फारच छान, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं आणि पावसाळ्यात फारसं फुगत नाही, नाहीतर मागची फ्रेम अडकून बसते.

बोहरी आळीत बारीक पितळी बिजागऱ्या, पट्ट्या, छोटे स्क्रू, गुंड्या सगळं सुटं मिळतं, चारच हवेत तर चारच देतात. खिशात लोहचुंबक ठेवा, मुलामा दिलेलं लोखंड लगेच कळतं. ट्रायपॉडसाठी नट घेताना पाव इंची, इंचाला २० आट्यांचा, म्हणजे पाव इंची विथवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचा) म्हणून मागा. एम-सिक्स, म्हणजे ६ मिमीचा नट, दिसायला तसाच असतो पण ट्रायपॉडवर बसत नाही. फोकसिंगचा रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाक) मात्र मला कुठेच मिळाला नाही, मग साध्या आटेवाल्या रॉडवर काम केलं आणि ते उलट जास्त स्थिर वाटतं.

बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर तिथूनच घ्या, त्यात काटकसर नको. होल्डरमध्ये फिल्म कडेपासून साधारण ४.८ मिमी आत असते, आणि ग्राउंड ग्लासची, म्हणजे फोकस बघायच्या मागच्या दुधी काचेची, खरखरीत बाजू बरोब्बर तेवढ्याच खोलीवर यायला पाहिजे, नाहीतर काचेवर शार्प दिसलेला चेहरा फिल्मवर धूसर येणार आणि तुम्ही लेन्सला दोष देत बसणार. ती काचही घरी होते. ४०० नंबरची कार्बोरंडम पावडर, थोडं पाणी आणि दोन काचा एकमेकींवर गोल गोल घासत राहायच्या, हाताला जडपणा कमी जाणवला की पावडर बदलायची.

खरी परीक्षा भात्याची, म्हणजे लेन्स आणि मागची फ्रेम जोडणाऱ्या घडीच्या नळीची. काळं बुकबाइंडिंगचं कापड, आत जाड कागदाच्या पट्ट्या, आणि घड्यांचे कोपरे. हे कोपरे मला पेठेतल्याच एका हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या काकांनी शिकवले, एक पैसा न घेता, कापड हातात धरून. हे काही नवीन नाही म्हणा, केरळात आलप्पुळ्याला के. करुणाकरन यांनी १९४२ च्या सुमारास सागवान आणि पितळेचे वागीश्वरी कॅमेरे बनवायला घेतले, त्यांच्या घरचा धंदाही वाद्यदुरुस्तीचाच होता! भाता जमणारा माणूस कॅमेऱ्याच्या अर्ध्या वाटेवर आलेलाच असतो, असं मला मनापासून वाटतं. १५० मिमीची लेन्स लावणार असाल तर भाता ३०० मिमीपर्यंत ताणला जाईल असा करा, म्हणजे वस्तू तिच्या खऱ्या आकारात टिपता येते. झाल्यावर अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून बघा, टाचणीएवढं भोकही दिसतं.

बोहरी आळीत पार्किंगची बोंब आहे, रिक्षाने जा. संध्याकाळी गर्दीत कुणी नीट बोलत नाही, सकाळी दुकानं उघडता उघडता गेलात तर लोक वेळ देतात, ड्रॉइंग बघतात, स्वतःहून दुसरं दुकान सुचवतात. फिल्म होल्डर आधी मागवून ठेवा आणि तो सोबत न्या, तोंडी मापं सांगण्यापेक्षा वस्तू दाखवली की काम पटकन होतं.